म्हशीचा तोल

ते साल एकोणीसशे सत्त्याण्णव. त्या वर्षी मोठी म्हैस मोडीत निघाली, छोटी म्हैस संग्रहालयात जायची ठरली, आणि एका दुपारी घरातली पाच शहाणीसुरती माणसं एकेक करून, चपला हातात घेऊन, आपल्याच बैठकीच्या खोलीत चोरासारखी शिरली.

म्हैस म्हणजे विमान. चार इंजिनांचं, रुंद पोटाचं, आत चालायला दोन वाटा आणि एकेका रांगेत दहा खुर्च्या. एकाहत्तर साली ते पहिल्यांदा उतरलं तेव्हा आमच्या विमानतळावरच्या लोकांनी तोवर फक्त नळीसारखी बारीक विमानं पाहिली होती. शिडी लावायला गेले तर शिडी दाराच्या हातभर खालीच संपली. पाहुणे दारात उभे, स्वागताला आलेले खाली उभे, आणि मधे हातभर हवा. कोणीतरी म्हणालं, हे विमान कसलं, म्हैस आहे, हिला उठायलासुद्धा वेळ लागेल. नाव चिकटलं ते चिकटलंच.

थोरली म्हणजे घरातली मोठी सून, तिचे सासरे त्याच विमान कंपनीत लोड सेक्शनला होते. कुठलं सामान पोटात कुठे जाईल आणि कुठली माणसं कुठल्या रांगेत बसतील, म्हणजे विमान ना नाकावर पडेल ना शेपटीवर बसेल, हे लोडशीट नावाच्या कागदावर मांडून खाली सही करायची, हे त्यांचं काम. कंपनीत त्यांना तोलमास्तर म्हणत. मुलं दादा म्हणत आणि सुना मामंजी.

बहात्तर साली म्हैस बसली. कोणा व्यापाऱ्यानं पेट्यांचं वजन कमी लिहून दिलं होतं आणि त्या पेट्या नेमक्या शेपटीकडे गेल्या. विमान उतरलं, पुढची माणसं भराभर बाहेर पडली, आणि मागून कोणी ओढल्यासारखं नाक हळूहळू वर गेलं. शेपटी जमिनीला टेकली. कोणाला खरचटलंही नाही, पण कागदावर सही दादांची होती. चौकशी होईपर्यंत तीन आठवडे त्यांना घरी बसवलं. पहिले तीन दिवस ते भिंतीकडे बघत बसले. चौथ्या दिवशी त्यांनी मोडक्या खाटेची फळी काढली, करवत घेतली आणि छोटी म्हैस करायला बसले. पुढे ते निर्दोष ठरले, कामावर परत गेले, पण छोट्या म्हशीचं काम तीन वर्षं चाललं. मूळ नकाशाबरहुकूम, पन्नासात एक या मापानं, साडेचार फूट लांब. डावीकडे एक खिडकी जास्त झाली हे लक्षात आल्यावर त्यांनी अख्खी डावी बाजू उतरवून पुन्हा केली होती. सासूबाई त्यावर म्हणाल्या होत्या, "माझ्यात किती खिडक्या आहेत, ते यांना विचारा कोणी."

म्हशीच्या पाठीला झाकण होतं. ते उचललं की आत सगळ्या खुर्च्या दिसत, आणि चौदा खुर्च्यांवर, नातवंडं धरून, घरातली चौदा माणसं. अंगठ्याच्या पेराएवढी शिशाची बाहुली, खाली खिळा, खुर्चीला भोक. बाहुलीचं वजनही खरं. किलोला पाव ग्रॅम. त्यासाठी दादांनी विमानतळावरचा मोडीत काढलेला सामानाचा काटा घरी आणला होता. दर वर्षी, म्हैस पहिल्यांदा उतरली त्या तारखेला, घरातलं प्रत्येक माणूस त्या काट्यावर उभं राहायचं. मग दादा कानस घेऊन बसत. कोणाचं शिसं घासलं जाई, कोणाला थोडं चिकटवलं जाई. थोरली लग्न होऊन आली ती पंचाहत्तर साली, म्हैस पुरी झाली त्याच महिन्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे म्हणाले, "सूनबाई, चपला काढून जरा इकडे ये." तिला वाटलं पाया पडायचंय. ती वाकली, तर समोर काटा.

आणि संध्याकाळी तिनं पाहिलं की सासरी तिला जागा मिळाली ती शेवटच्या रांगेत, संडासाच्या दाराशी.

त्यावर ती बावीस वर्षं सासऱ्यांपुढे एक शब्द बोलली नव्हती. दंतवैद्याच्या दवाखान्यात ती पेशंटना आत सोडायचं काम करी. दुखत असलं तरी तोंड बंद ठेवून बसणारी माणसं तिनं रोज पाहिली होती. तिला वाटे, आपणही त्यातल्याच. शिलाईमशीन कोणाचं, यावरून दोन्ही सुनांत मागे एकदा अबोला झाला होता. त्या अबोल्यातसुद्धा धाकटीनं टोमणा मारला होता तो हाच, "काहींची जागा दादांनी पहिल्याच दिवशी ओळखली."

जागेवरून खुश कोणीच नव्हतं म्हणा. पहिल्या वर्गात, पुढे, खिडकीशी एकट्या सासूबाई होत्या. त्या जाऊन बारा वर्षं झाली तरी दादांनी त्यांना उतरवलं नव्हतं. वन्सं, म्हणजे थोरलीची नणंद, पंखांवर मधल्या खुर्चीत, शेजारी त्यांचे यजमान, जावईबापू. पोरकेपणाच्या भावनेनं वन्संना पन्नाशीतही सोडलं नव्हतं. आई पुढे आणि पोटची मुलगी मागे, असं कुठे असतं, असं त्या येता-जाता म्हणत. धाकटीच्या पुढ्यात नुसता पडदा. ती शाळेची मुख्याध्यापिका, तिला समोर वर्ग लागे, पडदा नाही. धाकटा विमा विकायचा. त्याचं म्हणणं, माणूस कुठे बसतो यावर त्याच्याकडून कोण विमा घेतं ते ठरतं. एकट्या थोरल्याला काही वाटत नसे. तो पाणीपुरवठ्यात नकाशे काढी. बायकोनं एकदा विषय काढला तर तो म्हणाला, "अगं, ते उडत नाही."

दादा स्वतः म्हशीत नव्हते. लोडशीट लिहिणारा खालीच राहतो, असं ते म्हणत.

तर सत्त्याण्णव साली मोठी म्हैस शेवटची उतरली आणि तिला कापायचं ठरलं. विमानतळाच्या संग्रहालयाचं पत्र आलं की निदान तिची प्रतिकृती तरी आम्हाला द्या. दादा तेव्हा एकोणऐंशीचे. ते लगेच हो म्हणाले. संग्रहालयाच्या बाई एकदा येऊन पाहून गेल्या आणि बाहुल्यांवर फारच खुश झाल्या. काचेच्या कपाटाशेजारी पाटी लावू म्हणाल्या, कोणत्या रांगेत घरातलं कोण, नात्यासकट. शाळेच्या सहली येतात, मुलांना मजा वाटेल.

त्या दिवसापासून घरातली झोप उडाली. इतकी वर्षं झाकणाखाली होतं ते आता काचेखाली जाणार होतं, आणि तेही कायमचं. थोरलीच्या डोळ्यांपुढे ती पाटी आत्तापासून उभी राहू लागली. 'शेवटची रांग, स्वच्छतागृहाशेजारी: थोरली सून.' आणि समोर तिसरीतली चाळीस मुलं, हसणारी.

म्हैस न्यायची त्याच्या आदल्या दिवशी सगळे जमले. बाई चहाला येणार होत्या, एकदा टांगलेली पाहून फोटो काढणार होत्या. सकाळीच म्हैस बैठकीच्या खोलीतल्या छताच्या आकड्यावरून उतरवून तिथेच जेवणाच्या टेबलावर ठेवली, झाकण काढलं, पुसली. दुपारी दादा दोन ते चार झोपले.

सव्वादोनला वन्सं आल्या. त्यांनी स्वतःला उचलून पहिल्या वर्गात बसवलं. पण मग त्यांना वाटलं, खिडकी नसेल तर पहिल्या वर्गाचा उपयोग काय. त्यांनी आईला उचलून वाटेकडच्या खुर्चीत हलवलं आणि स्वतः खिडकी घेतली. आई समजून घेईल, असं त्या मनात म्हणाल्या. आईनं आयुष्यभर समजूनच घेतलं होतं.

अडीचला धाकटी आली. वन्सं पुढे गेल्याचं तिनं पाहिलं. बोलावं तर आपण इथे काय करत होतो, हे सांगावं लागणार. ती मुकाट्यानं वन्संच्या मागच्या रांगेत बसली. पावणेतीनला तिचा नवरा आला. बायको पुढे, बहीण पुढे, म्हणजे घराचं ठरलेलं दिसतंय आणि आपल्यालाच कोणी सांगितलं नाही, असा त्याचा समज झाला. तोही गेला. तीनच्या सुमाराला जावईबापू पाणी प्यायला म्हणून आले. आपल्या शेजारची खुर्ची रिकामी पाहून ते बराच वेळ उभे राहिले. पुढे जायचा मोह त्यांना मुळीच झाला नाही. पण म्हशीला मधल्या दाराशी एक खुर्ची होती, पुढ्यात पाय पसरायला भरपूर जागा असलेली. तिथे ते अलगद जाऊन बसले. पुढे त्यांनी स्वतःच कबूल केलं की त्या दुपारी त्यांना लग्नानंतर पहिल्यांदा इतकं मोकळं वाटलं.

सव्वातीनला थोरली आली.

तिनं मनाशी पक्कं केलं होतं. बावीस वर्षांत एकदा. फक्त एकदा. तिनं शेवटच्या रांगेतून स्वतःला उपटलं, बाहुली मुठीत धरली आणि पुढे नजर टाकली. पुढे जत्रा भरलेली. वन्सं, धाकटी, धाकटा, आणि वाटेकडे ढकललेल्या सासूबाई. चोरी करायला यावं आणि तिथेही रांग असावी, तसं तिला झालं. आता या गर्दीत पाचवं कुठे घुसायचं? आणि परत संडासापाशी जायला पाय उचलेना. हातातलं शिसं गरम होत गेलं. मग तिनं पर्स उघडली, दवाखान्याच्या किल्ल्यांचा कप्पा उघडला, बाहुली आत टाकली आणि चेन ओढली. कुठेच बसायचं नाही. आपण उतरलो.

चारला दादा उठले, पाचला बाई आल्या. चहा झाला, बिस्किटं झाली. धाकट्यानं घाईघाईनं झाकण ठेवलं, चाप लावायचे राहिलेच. दोन्ही पंखांच्या मुळाशी तार होती, ती वर एका आकड्याला जाई, म्हणजे म्हैस तराजूच्या दांडीसारखी लोंबे. बावीस वर्षं ती तशी लोंबत होती आणि तिच्या पाठीवर ठेवलेली गोटी घरंगळत नसे, असं दादा अभिमानानं सांगत. थोरल्यानं आणि धाकट्यानं तिला उचललं, तार अडकवली. बाई खाली खुर्चीत बसून दुसरा कप घेत होत्या. भावांनी हात सोडले.

म्हशीनं मान खाली घातली. आधी जराशी, लाजल्यासारखी, आणि मग एकदम नाक जमिनीकडे. झाकण घसरून सोफ्यावर पडलं. खिळे नीट न बसलेली माणसं वाटेवरून घरंगळत पुढे आली आणि एकेक करून खाली पडू लागली. सगळ्यांत आधी आल्या सासूबाई. त्या थेट बाईंच्या चहात पडल्या.

 बाईंनी चमच्यानं सासूबाईंना बाहेर काढलं, बशीच्या कडेला ठेवलं आणि विचारलं, "या कोण?"

"माझी बायको," दादा म्हणाले. "ती कधी जागा सोडत नाही. तिला कोणी उठवलं?"

वन्संनी छताकडे पाहिलं. धाकटीनं वन्संकडे पाहिलं. जावईबापूंनी बिस्किट घेतलं.

थोरलीला वाटलं, आता म्हातारा बरसणार. पण दादांनी खिशातून पेन्सिल काढली, चष्मा चढवला, आणि तिनं कधी न पाहिलेला माणूस समोर उभा राहिला, धावपट्टीवरचा. कोणी कोणाला हलवलं ते मला नको, ते म्हणाले. म्हैस टेबलावर घ्या, सगळ्यांना खाली उतरवा आणि मोजा. धाकट्यानं सोफ्याखालून, सतरंजीवरून माणसं गोळा केली, आतली उपटली, टेबलावर ओळीनं मांडली.

"तेरा," तो म्हणाला.

"पुन्हा मोज."

"तेराच आहेत, दादा."

"एक प्रवासी कमी," दादा म्हणाले. "माणूस सापडेपर्यंत विमान हलत नाही."

धाकट्यानं पुन्हा सोफ्याखाली डोकं घातलं. जावईबापूंनी स्वतःचे खिसे चाचपले. बाईंनी कपात डोकावून पाहिलं. थोरलीनं मग पर्स मांडीवर घेतली, चेन ओढली, आणि किल्ल्यांमधून आपली बाहुली काढून टेबलावर ठेवली.

"मी उतरले, मामंजी."

"कधी?"

"आज दुपारी. मनातून विचाराल तर पहिल्याच वर्षी."

"का?"

"बावीस वर्षं मी संडासाशेजारी बसलेय. आता ते काचेत ठेवून शाळेच्या मुलांना दाखवणार. मला नाही जायचं."

वन्सं लगेच म्हणाल्या की वहिनींबद्दल आम्हाला नेहमीच वाईट वाटायचं. थोरलीनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. वन्संनी वाक्य तिथेच मिटवलं.

दादा गोंधळले होते. हा गोंधळ खोटा नव्हता, हे तिला दिसत होतं आणि त्यामुळे तिला अधिकच राग येत होता. ते म्हणाले, "संडास तिथेच आहे. मूळ विमानातही तिथेच होता."

"संडास तिथे का, हे मी विचारत नाही. मी तिथे का, ते सांगा."

म्हातारा खाली बसला. त्यानं सासूबाईंना बशीवरून उचललं, धोतराच्या टोकानं चहा पुसला आणि बोलायला लागला तो त्यांच्याशीच बोलत असल्यासारखा.

"सी-सॉवर टोकाला पोर बसलं तरी मधल्या दोन बाप्यांना उचलतं. शेवटच्या रांगेतला एक ग्रॅम म्हणजे पंखाजवळचे चार-पाच. तिथल्या माणसाचं वजन खोटं निघालं तर सगळं बसतं. बहात्तर साली मी ते पाहिलंय. मग मला तिथे असं माणूस हवं होतं, ज्याचा आकडा मी डोळे मिटून लिहीन."

"मग?"

"मग काट्यावर कोण कसं उभं राहतं ते बघत होतो." त्यांनी मान वर केली. "ही माझी लेक कोपर दाराला टेकवून उभी राहते. जावईबापू, रागावू नका, तुमची एक टाच जमिनीवर असते. धाकटा आदल्या दिवशीपासून जेवत नाही. धाकटी किल्ल्यांचा जुडगा हातात ठेवते आणि मग त्याचे तीन किलो वजा करायला लावते. असला जुडगा तुरुंगातही नसेल. थोरला छत्रीसकट चढतो. तुझी सासू श्वास धरायची. तिला सोडून या बाकीच्यांना मी मधल्या रांगांत सांभाळून घेतलं, एकाचं खोटं दुसऱ्याच्या खोट्यानं फेडलं. सूनबाई, तू चपला काढतेस, हातातलं खाली ठेवतेस आणि सरळ उभी राहतेस. पहिल्या दिवसापासून. आकडा किती का येईना."

"मोठाच यायचा," थोरली म्हणाली.

"मोठा यायचा. पण खरा."

खोलीत सगळे आपापल्या टाचांकडे बघत होते. थोरलीला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही तिला या लोकांसमोर नको होतं.

"हे मला एकदा सांगायचं होतंत," ती म्हणाली.

"तू विचारलं नाहीस."

"संडासाशेजारच्या माणसानं काय विचारायचं, मामंजी?"

 दादा पेन्सिल कागदावर आपटत राहिले. शेवटी थोरलीच म्हणाली, "मी बसते माझ्या जागी. बाकीचेही आपापल्या जागी जातील. पण संडास काढा."

संग्रहालयाच्या बाई पहिल्यांदाच ठामपणे बोलल्या. प्रतिकृती मूळ नकाशाप्रमाणे आहे, तेच तिचं मोल आहे, असं काही काढता येत नाही. धाकट्याचंही तेच म्हणणं पडलं. थोरला मात्र म्हणाला, "दादा, तिला बसायचंय तिथे. आपल्याला नाही." बावीस वर्षांत बायकोच्या बाजूनं त्यानं उच्चारलेलं हे सगळ्यात लांब वाक्य.

एका खिडकीसाठी अख्खी डावी बाजू उतरवणारा तो माणूस उठला, हत्यारांच्या डब्यातून पातळ पात्याची सुरी घेऊन आला, आणि शेवटच्या रांगेमागची ती काड्यापेटीएवढी खोली मुळापासून हळूच कापून काढली. सोनाराच्या काट्यावर ठेवली. तीन ग्रॅम. शेपटी तेवढी हलकी झाली होती.

"तीन ग्रॅम म्हणजे बारा किलो," दादा म्हणाले. "वाढवशील?"

"आता या वयात?"

मग त्यांनी गळाला लावायची शिशाची गोळी घेतली, ठोकून चपटी केली, घासून तीन ग्रॅमची केली, वर तारेचा बंद लावला आणि थोरलीच्या बाहुलीच्या मांडीवर चिकटवली. पर्स. थोरलीनं ती बारकाईनं पाहिली.

"माझी याहून मोठी आहे."

"ठाऊक आहे," दादा म्हणाले. "माणूस मावतो तिच्यात."

चौदा जण चढले. सासूबाई खिडकीशी. वन्सं यजमानांशेजारी, आणि जावईबापूंनी मधल्या दाराकडे एकदा शेवटचं पाहून घेतलं. म्हैस पुन्हा आकड्याला लागली. ती मागे झुकली, पुढे झुकली, आणि थांबली. दादांनी तिच्या पाठीवर गोटी ठेवली. गोटी हलली नाही.

पुढे काय काय झालं ते सांगून टाकते. वन्सं घरी गेल्या त्याच आठवड्यात त्यांनी स्वतःचा काटा विकत आणला. भिंतीपासून दूर, खोलीच्या मध्यावर ठेवला आणि आठ दिवसांनी कोणाला तरी देऊन टाकला. जावईबापूंनी पुढे एकट्यानं प्रवास करायची सवय लावून घेतली, कारण विचारलं तर पाय पसरायचे असतात म्हणत. धाकटा विम्यात बरा वर गेला. धाकटी निवृत्त झाली तेव्हा शाळेनं तिला चांदीचा किल्ल्यांचा जुडगा दिला, आणि हे कोणी सुचवलं ते अजून बाहेर आलेलं नाही. दोन्ही जावांचं पुढे इतकं जमलं की शिलाईमशीन शेवटी कोणालाच नको झालं. थोरला छत्रीसकट चढायचा तो चढतच राहिला.

मोठ्या म्हशीला कापायला तीन महिने लागले. दादा बघायला गेले नाहीत. ते दोन हजार एक साली गेले, झोपेत, सरळ पाठीवर. त्यांच्या चष्म्याच्या डबीत थोरलीला ती कापून काढलेली छोटी खोली मिळाली. दार अजून उघडत होतं. ती तिनं आपल्या पर्समध्ये ठेवली, किल्ल्यांच्या कप्प्यात.

दर वर्षी, म्हैस पहिल्यांदा उतरली त्या तारखेला, थोरली संग्रहालयात जाते. आता तिला काठी लागते. ती काचेपाशी उभी राहते, काठी भिंतीला टेकवते, पर्स खाली ठेवते आणि सरळ उभी राहून पाटी वाचते. पाटीवर चौदा जणांची नाती आहेत आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत, बाईंना राहवलं नाही म्हणून त्यांनी घातलेली एक ओळ: 'मूळ विमानात शेवटच्या रांगेमागे स्वच्छतागृह होते. प्रतिकृतीत ते नाही. कारणाची नोंद उपलब्ध नाही.'